ओढ्याचे बाण डोंगर का चढतात?

प्रश्न : गावाचा पाणलोट नकाशा क्यूजीआयएस या संगणकावर नकाशे काढायच्या प्रणालीत काढतो आहे. ओढ्यांच्या रेघांवर प्रवाहाचे बाण लावले, तर निम्मे बाण डोंगराकडे तोंड करून बसले. चिन्हाचा कोन १८० केला, तेव्हा बरोबर असलेले उलटे झाले. काय करू?
– एक वाचक, पाटण तालुका

उत्तर : कोन आधी पुन्हा शून्यावर आणा. चूक बाणात नाही, रेघेत आहे. पाणी कुठून कुठे वाहतं हे संगणकाला ठाऊक नसतं. तुम्ही पहिला बिंदू कुठे टिचकवला आणि शेवटचा कुठे, एवढंच तो जाणतो.

मी कोयना पहिल्यांदा काढली ती कराडच्या संगमापासून सुरुवात करून, कारण संगम पटकन सापडतो. तिथे कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात. तिथून हेळवाकचं वळण घेऊन वर महाबळेश्वरापर्यंत गेले. रेघ सुरेख आली, पण बाण लावल्यावर नदी उगमाकडे वाहू लागली. गावचे लोक असा नकाशा पाहून बांधाची जागा ठरवणार, म्हणून तो तसाच हातावेगळा करणं मला मान्य नव्हतं. तेव्हापासून रेघ उगमाकडून खाली ओढायची, हा माझा नेम आहे.

काढून झालेल्या रेघांचं काय? चारदोन असतील तर ॲडव्हान्स्ड डिजिटायझिंग टूलबारमधलं ‘रिव्हर्स लाइन’ घ्या आणि उलट्या रेघेवर टिचकी मारा. शेकड्यांनी असतील तर एसआरटीएमचं (अवकाशातून रडारने मोजलेल्या उंचीचं) ३० मीटरचं रास्टर आणा, म्हणजे ३० मीटरच्या चौकटींचा नकाशा, ज्यात प्रत्येक चौकटीला एक उंची असते. ‘सिलेक्ट बाय एक्स्प्रेशन’मध्ये ‘रास्टर व्हॅल्यू’ वापरून रेघेच्या सुरुवातीची आणि शेवटाची उंची विचारा. सुरुवात शेवटापेक्षा खाली असेल तेवढ्याच रेघा निवडा. रेघा आणि रास्टर एकाच प्रक्षेपणात (जागा मोजायच्या एकाच पद्धतीत) हवेत, नाहीतर उत्तर रिकामं येतं. मग लेअरचं एडिटिंग चालू करून प्रोसेसिंग टूलबॉक्समधलं ‘एडिट फीचर्स इन प्लेस’ दाबा आणि ‘रिव्हर्स लाइन डायरेक्शन’ चालवा. निवडलेल्या रेघा जागच्या जागी उलटतात.

सपाट शेतातल्या आखूड ओहोळांवर मात्र या पद्धतीवर विसंबू नका. ३० मीटरच्या एका चौकटीत आख्खा ओहोळ, बांध आणि झाडं मावतात; दोन्ही टोकांच्या उंचीत मीटर-दोन मीटरचा फरक निघाला तर तो खरा धरवत नाही. तिथे शेतकऱ्याला विचारावं, पावसात पाणी कुठून येतं ते त्याला पाठ असतं.

आता बाण. लेअरच्या सिम्बॉलॉजीत, म्हणजे चिन्हं ठरवायच्या भागात, साध्या रेघेवर ‘मार्कर लाइन’ चढवा आणि भरीव बाणटोक निवडा. त्रिकोण घेतलात तर त्याचं टोक मुळात वर असतं, म्हणून तो रेघेला आडवा पडतो. त्याला ९० अंश फिरवावं लागतं. ‘रोटेट मार्कर टू फॉलो लाइन डायरेक्शन’वर खूण असू द्या. जागा निवडताना बरेच जण शेवटचा बिंदू घेतात. मला ते पटत नाही: संगमावर बाणटोकं एकमेकांवर चढतात आणि नेमकी महत्त्वाची जागा झाकली जाते. ओढे संगमावर तोडून घ्या आणि बाण मध्यबिंदूवर ठेवा, म्हणजे प्रत्येक तुकड्याला एकच बाण मिळतो. लांब नदीला ठरावीक अंतरावर बाण चांगले दिसतात, पण मुळातलं ३ मिलिमीटरचं अंतर फार दाट पडतं. मी २५ ठेवते.

तुमच्या भागात उपसा सिंचनाच्या पाइपलाइनी असतील. त्यांचं पाणी खरोखरच वर चढतं, तेव्हा त्या ओढ्यांच्या लेअरमध्ये मिसळू नका, नाहीतर उंचीच्या हिशेबात त्यांचे बरोबर असलेले बाण उलटतील. त्यांची वेगळी लेअर करा, रंगही वेगळा द्या आणि रेघ पंपघरापासून सुरू करा.