तासाचा दर नको, खंड मोज

प्रिय मित्रा,

विमान उडवायला शिकण्याच्या तासाच्या दरांचा तुझा तक्ता पाहिला. शाळा, क्लब, ग्लायडर (बिनइंजिनाचं विमान) केंद्र, सगळं नीट मांडलंस. आणि शेवटी ठरवलंस काय, तर सगळ्यात स्वस्त शाळेत महिन्याला एक तास! तुझ्या तक्त्यात एक रकाना राहिलाय: दोन धड्यांमधलं अंतर.

खंड महाग पडतो. महिन्यानं विमानात बसणाऱ्याचा निम्मा तास मागचं पुन्हा हाताला यायलाच जातो. दर 15 टक्क्यांनी कमी असला, पण 50 ऐवजी 70 तास लागले, तर एकूण खर्च 19 टक्क्यांनी वाढतो. खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी आंतरराष्ट्रीय मानक किमान 40 तासांचं आहे. बहुतेक जण त्यात बसत नाहीत.

म्हणून आत्ता उडू नकोस. आधी मेडिकल करून घे. डोळे, कान, रक्तदाब यांत काही अडलं तर ते पहिल्या धड्याआधी कळलेलं बरं. मग हवामान, नियम, नेव्हिगेशनची थिअरी घरी बसून संपव. तोवर निदान सोलोपर्यंतचे (एकट्यानं केलेल्या पहिल्या उड्डाणापर्यंतचे), म्हणजे 15 ते 25 तासांचे पैसे साठव. मग आठवड्याला दोन-तीन धडे, सलग. अधूनमधून येणाऱ्या शिकाऊंना मी नको म्हणतो, म्हणून मला खडूस ठरवतात. ठरवोत. त्यांचेच पैसे वाचवतोय ना?

दर विचारताना इंधन धरलंय का, प्रशिक्षकाची फी आणि लँडिंगचं शुल्क वेगळं आहे का, हे विचार. वेळ कशावर मोजतात तेही विचार. हॉब्स मीटर घड्याळासारखा वेळ मोजतो, म्हणून विमान धावपट्टीकडे जाणाऱ्या टॅक्सीवेवर रांगेत उभं असतानाही पूर्ण वेगानं पळतो. टॅक मीटर इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो, त्यामुळे कमी फेऱ्यांवर हळू सरकतो. गजबजलेल्या विमानतळावर हा फरक चांगलाच बोचतो. आणि सवलतीच्या मोहानं 40 तासांचे पैसे एकदम भरू नकोस. शाळा बंद पडली तर ते बुडाले समज. पाच-पाच तासांचे भर.

विमान साधं निवड. सेसना 152 तासाला साधारण 22 लिटर इंधन पिते; रोटॅक्स 912 इंजिन बसवलेलं हलकं विमान 15 ते 18 लिटरवर भागवतं, तेही बहुधा मोटारीच्या पेट्रोलवर. मात्र मायक्रोलाइटचे, म्हणजे अशा अगदी हलक्या विमानाचे तास पुढच्या परवान्यात धरतात की नाही, हे तुझ्या देशाच्या नियमांत आधी बघ.

ग्लायडरला तू तळाशी टाकलंस, ते मला पटलेलं नाही. क्लबात प्रशिक्षक बहुधा स्वयंसेवक असतात, विंचनं, म्हणजे जमिनीवरच्या यंत्रानं दोर ओढून वर चढणं विमानानं ओढून नेण्यापेक्षा खूप स्वस्त पडतं, आणि रडर, म्हणजे शेपटीवरचं पायानं हलवायचं सुकाणू, पायात भिनतो. लांब पंखांमुळे रडरशिवाय वळलास तर नाक उलटीकडे जातं, ते लगेच दिसतं. बदल्यात दिवसभर मैदानावर राबावं लागतं. तिथेही तेच: दर शनिवारी जाणार असशील तरच जा.

सगळ्यात जास्त तास जिरतात सर्किटमध्ये, म्हणजे उडून धावपट्टीभोवती फिरून पुन्हा उतरण्यात. एक फेरी पाच-सहा मिनिटांची. चढणं, वळणं, उतरणं, सगळं तेवढ्यात. उतरताना वेग पाच नॉट जास्त ठेवलास की विमान धावपट्टीवर तरंगत राहतं, मग घाईनं नाक खाली दाबलं जातं आणि उसळी बसते. नजर समोरच्या चाकापुढे खिळली की फ्लेअर, म्हणजे टेकण्याआधी नाक वर उचलणं, उशिरा होतो. ती धावपट्टीच्या पार टोकाला हवी. अप्रोचवर, म्हणजे उतरायला खाली येताना, ट्रिम केलं नाहीस (स्टिकवरचा दाब काढला नाहीस) तर हात स्टिकशी झगडत राहतो आणि वेग हलतो. यातलं बरंच खुर्चीत बसून फुकट घोटता येतं: चेकलिस्ट तोंडपाठ, प्रत्येक टप्प्याचा वेग, रेडिओचे बोल, सगळं मोठ्यानं म्हणत. सिम्युलेटर रेडिओ नेव्हिगेशन घोटायला वापर. लँडिंग त्यावर शिकू नकोस. नजर उपकरणांच्या तबकड्यांवर चिकटते आणि ती सोडवायला पुन्हा भाड्याचे तास जातात.

धडे सकाळी लवकरचे माग, वारा शांत असतो. हवामानानं एखादा रद्द होणारच, म्हणून आठवड्याला एक जास्तीचा राखून ठेव. खंड पडता कामा नये!

मेडिकल झालं की साठलेल्या रकमेत सलग किती तास बसतात ते कळव. आकडा 15 च्या खाली असेल, तर ग्लायडर केंद्राचा हंगाम कधी सुरू होतो ते विचारून ठेव.