संत्र्याच्या नव्या कलमाला वळण देताना

आपली कलमे जंबेरीच्या (एका काटेरी लिंबाच्या) खुंटावर, म्हणजे मुळाकडच्या रोपावर बांधलेली असतील, तर डोळ्याच्या (संत्र्याच्या अंकुराच्या) जोडाखाली येणारा प्रत्येक काटेरी फुटवा कोवळा असतानाच हाताने खुडावा. तो वाढू दिल्यास वरचा संत्रा दबतो आणि बागेत जंबेरीच उरते. जमिनीपासून दीड-दोन फुटांपर्यंत खोड एकच व मोकळे ठेवावे आणि त्यावर चहूबाजूंना, थोड्या थोड्या अंतराने निघालेल्या तीन-चार फांद्या राखाव्यात, कारण एकाच बेचक्यातून फुटलेल्या फांद्या पुढे फळांच्या ओझ्याने चिरतात. सरळ वर धावणारे फुटवे, म्हणजे पाणसोट, बुडापासून काढावेत. यापलीकडे कोवळ्या झाडाला कात्री लावण्याचा मोह, माझ्या मते, टाळलेलाच बरा. उघडे पडलेले खोड आपल्याकडच्या वैशाखात करपते. मोठ्या कापावर १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो चुना आणि १० लिटर पाणी या प्रमाणातील बोर्डो मलम (बुरशीनाशक लेप) त्याच दिवशी लावावे.