कार्बोरेटर गेला, आता माझ्या हाताचे काय?

प्रश्न : सांगली जिल्ह्यातील एका गावात गेली २६ वर्षे माझे दुचाकी दुरुस्तीचे गॅरेज आहे. माझे वय ४७, शिक्षण नववीपर्यंत. लुना आणि टू-स्ट्रोक स्कूटरवर मी काम शिकलो, पुढे फोर-स्ट्रोक गाड्यांवरही हात बसला, आणि इंजिनाच्या आवाजावरून बिघाड ओळखणारा मिस्त्री म्हणून पंचक्रोशीत नाव झाले. अलीकडे मात्र बीएस-सहाच्या गाड्या येतात, मीटरवर पिवळा दिवा लागलेला असतो आणि मला गिऱ्हाइकाला परत पाठवावे लागते. गेल्या वर्षी एका संस्थेच्या तीन दिवसांच्या शिबिराला गेलो. तेथे सगळे इंग्रजी शब्दांत आणि पडद्यावरच्या चित्रांतून शिकवले. प्रमाणपत्र मिळाले, पण एकाही गाडीला हात लावायला मिळाला नाही. माझ्या हाताखालचा १९ वर्षांचा पोरगा मोबाइलवर सगळे शोधून काढतो, पण त्याला विचारायची मला लाज वाटते. त्यात आता विजेवरच्या स्कूटरही आल्या. या वयात हे शिकणे जमेल का, की गाळा भाड्याने देऊन दुसरा काही धंदा पाहावा?

— एक वाचक, जि. सांगली

उत्तर : औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिल्प निदेशक म्हणून माझी ३० वर्षे याच कामात गेली, त्यामुळे तुमच्या पत्रातली घालमेल मला नीट कळते. तुम्ही ज्या गोष्टीचा उल्लेख एका ओळीत करून पुढे गेलात, तीच मला सर्वांत महत्त्वाची वाटते : टू-स्ट्रोकवर शिकलेला मनुष्य फोर-स्ट्रोक गाड्या दुरुस्त करू लागला. व्हॉल्व्ह, टॅपेट, टायमिंग चेन यांतले काहीच नसलेल्या इंजिनावर तुमचा हात तयार झाला होता आणि तरीही ते सारे तुम्ही वर्ग, पुस्तक किंवा प्रमाणपत्र यांच्यावाचून, धंदा चालू ठेवून आत्मसात केले. तेव्हा तुम्ही पंचविशीत होता हे खरे. पण तेव्हा तुमच्याजवळ २६ वर्षांचा अनुभव नव्हता.

प्रथम वेळेचा हिशोब करू, कारण तुमची निम्मी भीती उद्याच सगळे बंद पडेल या समजुतीतून आलेली आहे. बीएस-सहा हे उत्सर्जनाचे निकष १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाले आणि नव्या दुचाकींमधून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. परंतु खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते, म्हणजे मार्च २०२० मध्ये रस्त्यावर आलेली कार्बोरेटरची गाडी २०३५ पर्यंत चालू शकते आणि तपासणीत योग्य ठरली तर नोंदणीला आणखी पाच वर्षांची मुदत मिळते. जुने काम एका रात्रीत संपणार नाही, ते वर्षागणिक थोडे थोडे कमी होत जाईल. दुसरीकडे बीएस-सहाच्या पहिल्या वर्षांतल्या गाड्यांची वॉरंटी आता संपली आहे आणि त्यांचे मालक कंपनीच्या सर्व्हिस सेंटरऐवजी गावातल्या मिस्त्रीकडे येऊ लागले आहेत. ज्यांना तुम्ही परत पाठवता, ते हेच गिऱ्हाईक.

आता मूळ मुद्दा. इंजिनाला हवा, पेट्रोल आणि ठिणगी या तीनच गोष्टी पूर्वीही लागत होत्या आणि आजही लागतात. कार्बोरेटरमधले फ्लोट, जेट आणि नीडल मिळून जे पेट्रोल मोजून देत, ते आता पंप आणि इंजेक्टर देतात, आणि किती द्यायचे हे ईसीयू, म्हणजे गाडीतला छोटा संगणक, सेन्सरांच्या सांगण्यावरून ठरवतो. गाडी मिसिंग मारते की पिकअप घेत नाही, थंड असताना की तापल्यावर, हे कानाने ओळखण्याची तुमची विद्या त्यामुळे वाया गेलेली नाही. फक्त कानाने काढलेल्या अंदाजाची खात्री पूर्वी तुम्ही जेट उघडून करत होता, ती आता मीटर लावून करावी लागेल.

म्हणून ईसीयूने नोंदवलेला दोष वाचणाऱ्या स्कॅनरच्या आधी व्होल्ट मोजणारा एक साधा मल्टिमीटर घ्या आणि पहिला महिना तो बिघडलेल्या गाडीला लावूच नका. ऑइल बदलायला किंवा ब्रेक लायनर घालायला आलेली, उत्तम चालणारी बीएस-सहाची गाडी घ्या आणि मालकाची परवानगी घेऊन तिच्यावर मोजमाप करा. ॲक्सिलरेटरची मूठ किती फिरली हे ईसीयूला कळवणाऱ्या थ्रॉटल पोझिशन सेन्सरच्या प्लगला साधारणपणे तीन तारा असतात : एकीवर पाच व्होल्ट, दुसरी अर्थिंगची आणि तिसरी सिग्नलची. मीटरचे काळे टोक अर्थिंगच्या तारेला धरा. सिग्नलच्या तारेचे आवरण न टोचता प्लगच्या मागच्या बाजूने बारीक टाचणी सरकवा, ती शेजारच्या तारेला भिडणार नाही याची काळजी घ्या आणि मीटरचे लाल टोक तिला लावा. इग्निशन चालू, इंजिन बंद. ॲक्सिलरेटर सोडलेला असताना आकडा अर्ध्या व्होल्टच्या आसपास दिसेल. मूठ अगदी सावकाश फिरवत नेलीत तर तो न अडखळता चढत जाऊन चारच्या आसपास पोहोचेल. हे आकडे गाडीच्या मॉडेलसह वहीत लिहून ठेवा. अशा दहा-बारा निरोगी गाड्यांचे आकडे वहीत आले, की एखाद्या दिवशी मिसिंगची तक्रार घेऊन आलेल्या गाडीवर तोच आकडा चढता चढता मध्येच खाली कोसळलेला दिसेल, आणि तो दोष आहे हे तुम्हाला कोणी सांगावे लागणार नाही. निरोगी नाडी ठाऊक नसताना रोग्याची नाडी पाहायला बसणे ही चूक मी वर्गात वर्षानुवर्षे पाहिली आहे, आणि तुमच्या त्या शिबिरातही नेमके हेच राहून गेले.

पिवळ्या दिव्याविषयी एक सावधगिरी सांगतो. हा दिवा लागला, की स्कॅनरवर दोषाचा एक कोड दिसतो; त्या कोडमध्ये सेन्सरचे नाव आले म्हणून सेन्सर बदलू नका. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने ऑक्सिजन सेन्सरचा कोड पाहून नवा सेन्सर बसवला, पैसे गेले आणि दिवा तसाच राहिला. दोष होता प्लगच्या आत हिरव्या पडलेल्या एका पिनेत, जी घासून साफ करायला पाच मिनिटे पुरली. कोड आपल्याला गल्ली दाखवतो, घर आपणच शोधायचे असते.

त्या पोराबद्दल मला मनापासून वाटते ते लिहितो. त्याला विचारण्यात कमीपणा नाही, पण मालकाने नोकराला विचारल्यासारखे न करता रोज संध्याकाळी शटर ओढण्याआधी अर्धा तास दोघांनी एकत्र बसावे. त्याने कोड शोधावा, इंग्रजी वाचून दाखवावे. तुम्ही त्या दोषाची गाडी कशी वागते ते त्याला सांगावे. त्याला शब्द येतात आणि तुम्हाला गाडी कळते, आणि आज तुमच्या दोघांपैकी एकट्याला ती दुरुस्त करता येणार नाही. सहा महिन्यांनी त्याचा पगार थोडा वाढवा, म्हणजे शिकलेला पोरगा दुसऱ्या गॅरेजात जाणार नाही.

विजेच्या गाड्या या क्रमात दुसऱ्या ठेवा. ज्या चेतकची पेट्रोल आवृत्ती १९७२ साली आली आणि जिच्यावर तुमच्या पिढीतल्या कितीतरी मिस्त्रींचा हात बसला, तीच चेतक जानेवारी २०२० मध्ये विजेवर परत आली, तेव्हा त्यांच्याकडे पाठ फिरवून चालणार नाही. ब्रेक, सस्पेन्शन, टायर, बेअरिंग हे त्यांचे काम तुम्ही आजही करू शकता. परंतु बॅटरीचा पॅक उघडू नका. या स्कूटरच्या बॅटऱ्या सामान्यतः ४८ ते ७२ व्होल्टच्या असतात, आणि पान्याचे टोक चुकून दोन टर्मिनलांना एकदम टेकले तर क्षणात भाजते. या गाड्यांजवळ काम करताना बोटातली अंगठी आणि स्टीलच्या पट्ट्याचे घड्याळ आधी काढून ठेवा. पुढचे शिक्षण रीतसर घ्यायचे, आणि ते प्रत्यक्ष गाडीवर शिकवणाऱ्या ठिकाणीच.

त्यासाठी जवळच्या शासकीय आयटीआयमध्ये प्राचार्यांना भेटून अल्पमुदतीच्या वर्गांची चौकशी करा आणि प्रवेश घेण्याआधी एकच प्रश्न विचारा : गाडीला हात लावायला किती तास मिळतील? अनुभवातून मिळवलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत ठेवलेली आहे, तिचीही माहिती तेथेच विचारा. नववीपर्यंतच्या शिक्षणाने यात काही अडू नये.

गाळा यंदा भाड्याने देऊ नका. परत पाठवलेल्या प्रत्येक गाडीची नोंद आजपासून वहीच्या मागच्या पानावर करा : तारीख, मॉडेल, तक्रार. येत्या पाडव्याला ती नोंद आणि त्या वेळची नोंद शेजारी ठेवून पाहा. परत जाणाऱ्या गाड्या निम्म्यावरही आल्या नसतील, तर मला पुन्हा लिहा आणि वहीतले आकडेही सोबत पाठवा. मग गाळ्याचा विचार आपण मिळून करू.