घर पाहायला जुलैत या

मस्कतहून एका ताईंचं लांबलचक पत्र आलंय. बारा वर्षं तिथं काढून कुटुंब आता कायमचं परत यायचं म्हणतंय. थोरली सातवीत, धाकटा तिसरीत, दोघंही तिथल्या भारतीय शाळेत, सीबीएसईला. यजमानांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं. गेल्या मे महिन्यात यजमान एकटेच येऊन दोन घरं पाहून गेले. एक आचऱ्याच्या बाजूला, वाडीत. चिरेबंदी, कौलारू, पुढे ऐसपैस खळं म्हणजे अंगण, मागे विहीर आणि दोन फणस. दुसरं कुडाळात, तीन खोल्यांचा फ्लॅट, शाळा चालत जाण्याइतकी जवळ. किमती जवळपास सारख्या. यजमानांचा जीव कौलारू घरात गुंतलाय, ताईंना शाळेची काळजी आहे, आणि दोघांनाही आपण समोरच्याचं मन मोडतोय असं वाटतंय.

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, कारण दहा वर्षांपूर्वी हाच पेच आमच्या घरात होता. आम्ही बहारीनहून आलो, रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठी घर घेतलं, आणि घर घेताना फक्त घर पाहिलं. मुलगा तेव्हा पाचवीत. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा कळलं की शाळेची गाडी मुख्य रस्त्यापर्यंतच येते, आणि आमच्या घराच्या व त्या रस्त्याच्या मध्ये एक वहाळ आहे. मे महिन्यात त्या वहाळात गुरं बसलेली मी पाहिली होती. जुलैत त्याचं पाणी साकवाला, म्हणजे वरच्या छोट्या पुलाला टेकलं. त्या एका पावसाळ्यात मुलाची अठरा दिवस शाळा बुडाली. नव्या गावात, नव्या वर्गात, आधीच बावरलेलं पोर. त्याची मैत्री जुळायला दिवाळी उजाडली. ते घर मला अजूनही आवडतं, पण त्या अठरा दिवसांचं वाईट वाटायचं काही थांबत नाही.

म्हणून पहिली गोष्ट. यजमानांनी दोन्ही घरं मे महिन्यात पाहिलीत, म्हणजे ती अजून पाहायचीच आहेत असं धरून चाला. मे महिन्यात कोकणातलं कुठलंही घर सुंदर दिसतं. दारात आंबे, पडवीत गार वारा. आणि मे महिन्यात शाळेला कुलूप असतं. तुमच्या मुलांना जुलैच्या सुमारास उन्हाळ्याची सुट्टी असेल. इथल्या शाळा तेव्हा भर पावसात चालू असतात. चौघंही त्याच दिवसांत या.

इथं वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. वाडीतल्या घराची पश्चिमेची भिंत हात लावून पाहा. जांभा दगड उन्हाळ्यात घर गार ठेवतो, पण तो सच्छिद्र असतो, पावसाच्या बाजूनं पाणी पितो. म्हणून तर त्या अंगाला पूर्वी माडाच्या विणलेल्या झावळ्यांची झापं बांधायचे आणि आता पत्रे लावतात. कौलांना दर वर्षी मे अखेरीस शाकारणी लागते, म्हणजे फुटकी बदलून सगळी नीट बसवावी लागतात. ते काम जाणणारी माणसं कमी झालीत, आणि माकडं वर्षभर कौलं फोडत असतात. वासे ठोकून पाहा, वाळवी आतून पोखरते आणि बाहेरून काही कळत नाही. विहिरीत जुलैत पाणी असणारच. एप्रिलच्या शेवटी किती असतं ते शेजारणीला विचारा, विकणाऱ्याला नको.

हे वाचून यजमानांना वाटेल की मी फ्लॅटच्या बाजूनं बोलतेय. तसं नाही. स्लॅबलाही इथला पाऊस सोडत नाही. गावोगाव स्लॅबवर पत्र्याची शेड चढवलेली दिसते ती हौसेनं नव्हे. स्लॅब गळते, आणि उन्हाळ्यात तापते ती निराळीच. आणि मुलांनी खळ्यात वाढणं ही काही चैन नाही. पावसाची चाहूल, रानभाज्या, शेजारच्या आजीच्या हाका, गणपतीच्या दिवसांत घरोघर आरतीला जाणं, हे सगळं तुमच्या मुलांना बारा वर्षांत मिळालं नाही आणि त्यासाठीच तुम्ही परत येताय. यजमानांची ओढ खरी आहे. तिला जागा मिळालीच पाहिजे. प्रश्न एवढाच की ती याच वर्षी आणि याच घरात मिळायला हवी का.

शाळेकडे वळण्याआधी जमिनीचं बोलू, कारण इथं अनेक परदेशस्थ कुटुंबं पैसे अडकवून बसलीत. तुम्ही आज अनिवासी भारतीय आहात. फेमा म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्यानं तुम्हाला राहतं घर किंवा फ्लॅट घेता येतो, पण शेतजमीन, बागायत, फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारसानं आलेली ठेवता येते. वाडीतलं कौलारू घर पुष्कळदा सातबाऱ्यावरच्या शेतजमिनीतच उभं असतं. यजमानांच्या नावावर वडिलोपार्जित जमीन असेल तर महाराष्ट्राच्या कुळकायद्यात ते शेतकरी ठरतील, तरी अनिवासी असेपर्यंत फेमाची आडकाठी राहतेच. म्हणून घर गावठाणात आहे का, जमीन बिनशेती झाली आहे का, हे सगळ्यात आधी पाहा. ग्रामपंचायतीची घरपट्टी विकणाऱ्याच्या नावावर आहे म्हणून जमीन त्याची ठरत नाही. सातबारा सामाईक असेल, आणि इथं तो बहुधा असतोच, तर प्रत्येक नावाची सही लागेल. निम्मी नावं मुंबईत, दोन-चार वारल्यानंतर वारसच लागलेले नाहीत, अशी स्थिती नेहमीची. सातबाऱ्यावरच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात कुळाचं नाव आहे का तेही बघा. आचऱ्यासारख्या किनारी गावात सीआरझेडचा, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या निर्बंधांचाही विचार हवा. २०११ च्या अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरचा पट्टा ना-विकास क्षेत्र होता. २०१९ च्या अधिसूचनेनं तो फक्त दाट वस्तीच्या गावांपुरता ५० मीटरवर आणला. उद्या एक खोली वाढवायची म्हटलं तर हे आडवं येऊ शकतं. स्थानिक वकिलाला दाखवल्याशिवाय बयाणा देऊ नका, विकणारा नात्यातला असला तरी.

तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत, पण यजमानांच्या मूळ घराचं काय? त्यात त्यांचा हिस्सा असेल तर कौलारू घराची ओढ तिथंच भागू शकते. भावकीशी एकदा नीट बोलून पाहा.

आता शाळा. तुमची दोन मुलं म्हणजे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि तुम्ही दोघांचा एकच प्रश्न करून ठेवलाय.

धाकट्याचं सोपं आहे. शिक्षण हक्क कायद्यानं, म्हणजे २००९ च्या, त्याला वयानुसार वर्गात प्रवेश मिळतो, चाळणी परीक्षा घेता येत नाही. वाडीजवळची जिल्हा परिषदेची शाळा बाद करू नका. पट लहान असेल, एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता बसत असतील, पण मी अशा शाळांत असे गुरुजी पाहिलेत की मुलं त्यांच्यामागून शिकत शिकत चालतात. सगळं त्या एका-दोन शिक्षकांवर असतं, म्हणून त्यांची बदली केव्हा व्हायची आहे हे विचारायला संकोच करू नका. पट फारच उतरला असेल तर शाळा किती वर्षं टिकेल हेही विचारा.

थोरलीचं तसं नाही. ती आठवीत जाणार, म्हणजे पुढची पाच वर्षं तिची कसोटीची. सीबीएसई चालू ठेवायची असेल तर नववीच्या आधी बस्तान बसलेलं बरं. बोर्डाची नोंदणी नववीत होते आणि थेट दहावीत बाहेरून प्रवेश मिळवणं अवघड असतं. सीबीएसई शाळा प्रत्येक गावात नाही, त्या मोठ्या गावांच्या आसपास आहेत. राज्य मंडळ घ्यायचं ठरवलं तर तीही वाईट निवड नाही. पण ‘कोकण विभागाचा दहावीचा निकाल राज्यात पहिला’ या बातमीवर विसंबू नका. स्वतंत्र विभाग झाल्यापासून तो सातत्यानं पहिला येतो हे खरं, आणि त्याचा अभिमानही वाटतो, पण उत्तीर्णांच्या टक्केवारीवरून एखाद्या शाळेत विज्ञान कसं शिकवतात ते कळत नाही. शाळेत जाऊन विचारा की आठवी ते दहावीला गणित आणि विज्ञान कोण शिकवतं, ती पदं भरलेली आहेत की तासिकेवर कोणी येतं. प्रयोगशाळेचं दार उघडून पाहा, परीक्षानळ्यांवर धूळ आहे का. मागच्या दहावीतल्या किती मुलांनी विज्ञान घेतलं आणि ती कुठे गेली? अकरावी-बारावी विज्ञानासाठी बहुतेकांना तालुक्याच्या गावी यावं लागतं, आणि मोठ्या प्रवेश परीक्षांच्या तयारीला पुष्कळ मुलं कोल्हापूर-पुणे गाठतात. म्हणजे आचऱ्याचं घर घेतलंत तर तीन वर्षांनी थोरलीसाठी कुडाळात किंवा कणकवलीत खोली पाहावी लागण्याचा संभव आहे. हा खर्च आणि हा विरह दोन्ही आत्ताच हिशेबात धरा.

मराठीचंही सांगते. २०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे, त्यामुळे सीबीएसई घेतलीत तरी ती सुटत नाही. तुमची मुलं घरात मराठी बोलतात असं तुम्ही लिहिलंय. बोलणं वेगळं, दहा ओळींचा निबंध वेगळा. आत्तापासून रोज एक पान लिहून घ्या. मैदानावरची भाषा मात्र मालवणी असेल, आणि ती त्यांना कोणी न शिकवता चार महिन्यांत येईल.

माझ्या मते तुम्ही यंदा दोन्हींपैकी कुठलंच घर घेऊ नये. मार्चमध्ये मुलांचं शैक्षणिक वर्ष संपतं, तेव्हा परत या. शाळा आधी ठरवा आणि तिच्याजवळ कुडाळात भाड्यानं राहा. एक पूर्ण पावसाळा आणि त्यापुढचा एक उन्हाळा जाऊ द्या. दिवाळीनंतर, भिंतीवरचे ओलीचे डाग वाळलेले असतात पण गेलेले नसतात, तेव्हा पुन्हा घरं पाहायला लागा. आणि आचऱ्याच्या बाजूला नव्हे, कुडाळच्या आसपासच्या वाड्यांत, जिथून शाळेत पोचायला पाऊण तासाच्या वर लागणार नाही आणि वाटेत साकव नसेल. चिरेबंदी, कौलारू घरं तिथंही विकायला येतात. खळं थोडं लहान मिळेल, समुद्राची गाज ऐकू येणार नाही. यजमानांना हे सोडणं जड जाईल, आणि त्यांना ते जड जातंय हे तुम्ही ओळखलंय एवढं त्यांना कळू द्या. त्या वर्षात तुम्हीही दोघं निवासी व्हाल, म्हणजे जमिनीचा एक अडसर आपोआप दूर होईल.

ज्यांना चिपळूणसारख्या नदीकाठच्या गावात घर घ्यायचंय अशा वाचकांसाठी एवढंच, की २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी त्या भिंतीवर कुठवर चढलं होतं ते शेजाऱ्यांना दाखवायला सांगा, आणि २६ जुलै २००५ चं पाणी आठवणारं कोणी असेल तर त्यांनाही विचारा. दापोली-मंडणगडकडच्यांनी ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात त्या घराचं छप्पर राहिलं होतं का ते विचारावं.

ताई, जुलैत याल तेव्हा एक दिवस त्या वाडीतल्या घराच्या खळ्यातून सकाळी साडेसहाला निघा. थोरलीला बरोबर घ्या, तिच्या पाठीला भरलेलं दप्तर असू द्या. एसटीच्या थांब्यापर्यंत चाला, गाडीची वाट पाहा, शाळेच्या दारापर्यंत जा. वाटेत तिला काही समजावून सांगू नका. तुमच्या चार पानी पत्रात ती काय म्हणते याची एक ओळही नाही. संध्याकाळी, पाय धुऊन झाल्यावर, तिला विचारा.