लेबर रूममधून बाळांच्या आयसीयूत जायचंय, पुढे काय शिकू?

प्रश्न : नमस्कार ताई. मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलाय, रजिस्ट्रेशन नर्स आणि मिडवाईफ दोन्हीचं आहे, उत्तर गोव्यातल्या एका इस्पितळात लेबर रूमला ड्युटी करते. कमी दिवसांचं बाळ झालं की ते पुढे पाठवतात, आई आमच्याकडे आणि बाळ दुसरीकडे काचेच्या पेटीत. मला आता त्या बाळांसाठीच काम करायचंय. एमएससी करू की डिप्लोमा? एक सिनियर म्हणतात, तू लेबर रूमची, तुला एनआयसीयू, म्हणजे बाळांचं आयसीयू, जमायचं नाही. घरी छोटी मुलगी आहे, सासूबाई तिला बघतील पण किती वर्षं सांगू त्यांना?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : आधी त्या सिनियरचं बोलणं डोक्यातून काढून टाक गं. एनआयसीयूत आलेल्या बाळाची निम्मी हकीकत जन्माच्या आधीच घडलेली असते, पाणी कधी गेलं, आईला ताप होता का, बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला देतात त्या डेक्साच्या इंजेक्शनचे चारही डोस पूर्ण झाले की एकच देऊन बाळ बाहेर आलं, नाळ कधी कापली, रडायला किती वेळ लागला, आणि हे सगळं विचारायचं कसं आणि फाईलमध्ये शोधायचं कुठे हे तुला कोणी शिकवायला नको.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. २०२१ मध्ये घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया अशा पाच देशांत झालेला कांगारू केअरचा, म्हणजे बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरून ठेवण्याचा, अभ्यास प्रसिद्ध झाला, आपल्याकडे तो दिल्लीच्या सफदरजंगमध्ये झाला होता. १ किलो ते १.८ किलोच्या आतली बाळं, एका गटात बाळ स्थिर होण्याची वाट न बघता जन्मल्यापासूनच आईच्या छातीशी, आणि त्यासाठी आईचा पलंगच एनआयसीयूत. पहिल्या २८ दिवसांत नेहमीच्या पद्धतीत १०० पैकी साधारण १६ बाळं गेली, आईजवळच्या गटात १२. २०२२ मध्ये डब्ल्यूएचओनेही लगेच कांगारू केअर सुरू करा असं सांगितलं. आता विचार कर, नुकतीच बाळंत झालेली बाई एनआयसीयूत झोपली तर तिचं ब्लीडिंग, बीपी, टाके कोण बघणार? मिडवाईफरी येणारी नर्सच ना! म्हणून मला मनापासून वाटतं की तुझ्यासारख्या मुलींनी तिकडे जायलाच हवं.

आता कोर्सचं. जीएनएमवरून थेट एमएससी होत नाही. आधी पोस्ट बेसिक बीएससी २ वर्षं, मग एमएससी २ वर्षं, म्हणजे सासूबाईंना चार वर्षं सांगावी लागतील. एमएससीत तुला जवळचे विषय दोन, चाइल्ड हेल्थ किंवा ऑब्स्टेट्रिक. पदवी चांगलीच आहे, पण ती केलेल्या पुष्कळ जणी पुढे कॉलेजात शिकवायला जातात, त्यामुळे शिकवायची आवड असेल तर तो रस्ता धर. नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाईफरी म्हणून १८ महिन्यांचा कोर्सही आहे, त्याचं नाव ऐकून गोंधळू नकोस, तो नॉर्मल बाळंतपण मिडवाईफने स्वतः सांभाळायचं यासाठी आहे, आयसीयूतल्या बाळासाठी नाही.

तुझ्यासाठी माझं मत स्पष्ट आहे, पोस्ट बेसिक डिप्लोमा इन निओनेटल नर्सिंग. एक वर्ष. जीएनएम चालतं, दोन्ही रजिस्ट्रेशन आणि कामाचा अनुभव लागतो, ते तुझ्याकडे आहेच. आणि त्यातला बराचसा वेळ बाळाजवळ जातो, वर्गात नाही. श्वासाला मदत म्हणून नाकातून दाबाने हवा देणारं सीपॅप लावणं, नळीने दूध, शिरेत घातलेल्या लाईनची काळजी, रक्तातल्या ऑक्सिजनचं सॅच्युरेशन ९० ते ९५ टक्क्यांमध्ये ठेवणं कारण कमी दिवसांच्या बाळाला जास्त ऑक्सिजन डोळ्यांना बाधतो, म्हणून तर २ किलोखालच्या किंवा ३४ आठवड्यांआधीच्या बाळाचे डोळे महिन्याच्या आत तपासायचे असतात. आणि गणित! १.२ किलोचं बाळ, पहिल्या दिवशी किलोमागे ८० मिली द्रव द्यायचा, म्हणजे दिवसाला ९६, तासाला ४ मिली. दशांश चिन्ह एक घर सरकलं तर काय होईल ते सांगायची गरज नाही. हे हातात बसायला रोजची ड्युटी लागते, नुसती पुस्तकं वाचून येत नाही.

कॉलेज निवडताना नावावर जाऊ नकोस. इंडियन नर्सिंग कौन्सिलची त्या कोर्सला त्या वर्षाची मान्यता आहे का ते त्यांच्या यादीत बघ, मग फोन करून विचार, एनआयसीयू तुमचं स्वतःचं आहे का, व्हेंटिलेटरवरची बाळं असतात का, एका नर्सकडे किती बाळं, बाळाची आई आत येऊ शकते का. शेवटच्या प्रश्नाला जिथे कपाळावर आठ्या पडतील तिथे एक वर्ष घालवावं असं मला तरी वाटत नाही. कोर्स झाल्यावर गोव्याच्या कौन्सिलमध्ये अ‍ॅडिशनल क्वालिफिकेशन म्हणून नोंद करून घे, हे पुष्कळ जणी विसरतात. सरकारी नोकरीत असशील तर रजेचा आणि बॉण्डचा विषय अर्ज भरायच्या आधी ऑफिसात लेखी विचारून ठेव, तोंडी कोणी काही सांगितलं तर त्यावर विसंबू नकोस.

अ‍ॅडमिशन होईपर्यंत एनआरपी, म्हणजे जन्मल्यावर श्वास न घेणाऱ्या बाळाचा श्वास सुरू करण्याचं ट्रेनिंग कर, आणि एफबीएनसी, म्हणजे इस्पितळातल्या नवजात बाळांच्या काळजीच्या ट्रेनिंगसाठी नाव द्या म्हणून मेट्रनच्या मागे लाग.

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे, तिला लहान बाळांचीच नर्स व्हायचंय, पुढे इंग्लंडला जायचं म्हणते. थेट तसा कोर्स असतो का?
– एक पालक, फोंडा

उत्तर : थेट नाही. आधी बीएससी नर्सिंग ४ वर्षं, आपल्याकडे बांबोळीला सरकारी इन्स्टिट्यूट ऑफ नर्सिंग एज्युकेशन आहे, तिथून सुरुवात करा. बायोलॉजी आणि इंग्लिश दोन्ही विषय असू द्या. इंग्लंडचं म्हणाल तर तिथे नर्स आणि मिडवाईफ अशी वेगवेगळी नोंदणी असते, इथलं दोन्हीचं रजिस्ट्रेशन तिथे आपोआप दोन्हीचं होत नाही. इथून जाणाऱ्या मुली बहुतेक नर्स म्हणूनच नोंदणी करतात, इंग्रजीची परीक्षा, मग कॉम्प्युटरवरची आणि मग प्रात्यक्षिक. बाळांच्या युनिटमधलं खास शिक्षण त्यानंतर तिथे नोकरी करता करता होतं. तोवर इथे एनआयसीयूत काम केलं तर ड्युटीचं सर्टिफिकेट घेताना त्यावर वॉर्डचं नाव स्पष्ट लिहून घ्या, नुसतं स्टाफ नर्स लिहिलं तर नंतर पुरावा द्यायला त्रास होतो.