आधी मामांची चाल बघ

प्रश्न : मी नाशिकला सिडकोत राहतो. बारावीत आहे, पीसीएम घेतलंय, बायोलॉजी सोडलं. अपघातानंतर मामांचा पाय मांडीतून काढावा लागला. त्यांचा कृत्रिम पाय चालताना ताठच असतो; बसायच्या आधी गुडघ्याचा लॉक सोडावा लागतो. मला स्मार्ट गुडघा बनवायचाय. बाबा म्हणतात कॉम्प्युटर घे, काका म्हणतात बीपीओ, म्हणजे कृत्रिम अवयव बसवण्याची पदवी, कर. काय करू?

उत्तर : तुझं पत्र दोनदा वाचलं. लॉकचं तू जे लिहिलंस, त्यावरून तू मामांकडे नीट पाहिलंयस हे कळलं.

स्मार्ट गुडघा म्हटलं की डोळ्यांपुढे मोटर येते. पण यातले बहुतेक गुडघे माणसाला ढकलत नाहीत, ब्रेकचं काम करतात. टाच टेकली की घट्ट धरायचं, पंजा उचलला की मोकळं सोडायचं. धडधाकट पायात हे मांडीचे स्नायू करतात. इथे सेन्सर गुडघ्याचा कोन आणि पायावरचा भार मोजतात, आणि प्रोसेसर हायड्रॉलिकचा, म्हणजे आतल्या तेलाची वाट अडवणारा, व्हॉल्व्ह त्याप्रमाणे उघडतो-आवळतो. ऑटोबॉक या जर्मन कंपनीचा सी-लेग १९९७ साली आला, तो असाच. रामकुंडाच्या पायऱ्या मामा एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरत असतील. असा गुडघा अंगाचं वजन पेलत हळूहळू वाकतो, म्हणून सरावाने एकाआड एक पाऊल टाकता येतं.

अडचण किमतीची. इस्रोने २०२२ मध्ये जाहीर केलेल्या प्रोसेसर गुडघ्याची किंमत चार-पाच लाखांच्या आसपास राहील असा अंदाज दिला होता; आयात केलेले दहा लाखांपासून पुढे. त्याच वर्षी आयआयटी मद्रासचा 'कदम' गुडघा आला. त्यात प्रोसेसर नाही, पण तो १६० अंशांपर्यंत वाकतो. आपली माणसं खाली बसतात, याचा तिथे विचार झालाय. मला हे काम फार मोलाचं वाटतं.

आता तुझं. बीपीओची पदवी सुंदर आहे. पण महाराष्ट्रात तिचा प्रवेश नीटवर होतो आणि तू बायोलॉजी सोडलंयस. तेव्हा सीईटी, जेईई दे आणि मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्स घे. बायोमेडिकल एम.टेक.ला कर. नुसतं कोडिंग शिकून इथे भागत नाही. पायाच्या मजबुतीच्या चाचणीत, आयएसओ १०३२८ या आंतरराष्ट्रीय मानकात, नमुन्यावर ३० लाख वेळा भार टाकतात. पिन कुठे झिजते, सील कुठून गळतं, हे हाताला कळावं लागतं, आणि ते शिकायला अंबड-सातपूरच्या वर्कशॉपसारखी जागा नाही. बाबांनाही सांग : या क्षेत्रात नोकऱ्या थोड्या आहेत हे खरं, पण हायड्रॉलिक, सेन्सर आणि कंट्रोल येणारा मुलगा एमआयडीसीत रिकामा बसत नाही.

आणि पहिल्या वर्षापासूनच कृत्रिम अवयव केंद्रात जाऊन बसत जा. मी एका केंद्रात पाहिलं, एक बाई पॅरलल बारमध्ये, म्हणजे आधाराच्या दोन दांड्यांमध्ये, चालत होत्या, पाय बाहेर फेकला जात होता. मला वाटलं गुडघा बिघडलाय. प्रोस्थेटिस्टने, म्हणजे पाय बसवणाऱ्या तज्ज्ञाने, गुडघ्याला हातही लावला नाही. उरलेली मांडी ज्यात बसते त्या सॉकेटखालचा स्क्रू ॲलन कीने जरासा फिरवला, पुन्हा चालवलं, पुन्हा जरासा. तिसऱ्या फेरीला पाय सरळ पडला. सॉकेट टोचत असेल किंवा जोडणी चुकली असेल, तर लाखोंचा गुडघाही कपाटात पडून राहतो.

या रविवारी मामांना विचारून त्यांच्या चालण्याचा बाजूने मोबाइलवर व्हिडिओ काढ. भिंतीला हात कुठे लागतो, उंबऱ्यापाशी काय होतं, संध्याकाळी सॉकेट काढल्यावर कुठे लाल झालेलं असतं, सगळं वहीत लिही. मग मला पुन्हा पत्र पाठव.