पोटाला पिशवी असलेला छोटा प्राणी आणि डोंगरातली रानमेंढी यांची तुलना कशी करावी?

मुलीच्या शाळेच्या प्रकल्पात 'एक लहान, दुसरी मोठी' याच्यापुढे काय लिहायचं, असं तुम्ही विचारलंय. माझं ऐकाल तर पिलापासून सुरुवात करा.

मी साक्री तालुक्यातला, घर ठेलाऱ्याचं, म्हणजे मेंढपाळाचं. दिवाळीनंतर आमचे कळप बाहेर पडतात. वाटेत मेंढी व्याली की ती कोकराला चाटून कोरडं करते, आणि तासाभरात ते लटपटत उभं राहून सड शोधायला लागतं. सुरुवातीचे दिवस आम्ही त्याला उचलून नेतो. लडाखमधल्या नयानच्या, म्हणजे अर्गलीच्या कोकराला उचलणारं कुणी नाही. ही जगातली सगळ्यात मोठी रानमेंढी. नर शंभर किलोच्या वर भरतो. लांडगा दिसला की ती कड्यावर चढण्यापेक्षा उघड्या उतारावरून पळते. पिलाचे पाय लवकर तयार हवेत, म्हणून आई त्याला साडेपाच महिने पोटातच वाढवते.

दुसरा प्राणी माउंटन पिग्मी पॉसम घ्या. ऑस्ट्रेलियाच्या बर्फाळ डोंगरांतला, वजन जेमतेम 45 ग्रॅम. 1895 च्या सुमारास जीवाश्मांवरून त्याचं वर्णन झालं. तो नामशेष झाला असं समजत होते, पण 1966 मध्ये माउंट हॉथमवरच्या एका झोपडीत जिवंत सापडला! याची मादी दोनेक आठवड्यांतच विते. पिल्लू आंधळं, बिनकेसांचं. पुढची वाढ पिशवीत, सडाला चिकटून. सड चारच, त्यामुळे पाचव्याला जागा नाही.

हिवाळ्याचंही तसंच. अर्गली वाऱ्याने बर्फ उडालेल्या जागा शोधत चरत राहते. पॉसम बर्फाखाली, दगडांच्या सांदीत सात महिन्यांपर्यंत झोपतो. जागा झाला की त्याला खायला बोगोंग पतंग, म्हणजे पाकोळीसारखे किडे लागतात, ते लांबच्या मैदानांतून उडत डोंगरावर येतात. 2017 पासूनच्या दुष्काळात ते फारच कमी आले आणि कित्येक माद्यांच्या पिशवीतली पिल्लं मेली. चाऱ्याविना मेंढीचा पान्हा आटलेला मी पाहिलाय, त्यामुळे हे वाचून गलबलून आलं.

'मेंढी प्रगत, पॉसम मागास' असं मात्र मुलीला लिहू देऊ नका. पिलाला पोटात किती वाढवायचं आणि बाहेर किती, एवढाच हिशोब दोघींनी वेगळा मांडलाय.

आणि फोटो लावताना बघा, पुष्कळदा भरलचा, म्हणजे हिमालयातल्या 'निळ्या मेंढी'चा फोटो रानमेंढी म्हणून दिलेला असतो. भरल खरी मेंढी नव्हे. अर्गलीच्या नराची शिंगं जाड, वळ्या पडलेली आणि पीळ घेत पुढे आलेली असतात. भरलची बाजूला पसरून मागे वळतात.